अस्मानी कोठे संपते?

आपल्या भाषेने संकटांची एक फार जुनी वाटणी करून ठेवली आहे : अस्मानी आणि सुलतानी. पाऊस दगा देतो, नदी पात्र सोडते, टोळधाड येते, ती अस्मानी. सारा वाढतो, फौजा उभ्या पिकांतून जातात, ती सुलतानी. ही वाटणी करणाऱ्या शेतकऱ्याला शब्दांची हौस नव्हती. त्याला व्यवहार पाहावयाचा होता. अस्मानीपुढे हात जोडण्यावाचून गत्यंतर नाही. सुलतानीविरुद्ध निदान गाऱ्हाणे तरी घालता येते. तेव्हा ही दुःखाची केवळ दोन नावे नव्हेत. दुःख कोसळल्यावर माणसाने कोणाकडे पाहावयाचे, याच्या त्या दोन दिशा आहेत.

पण ही वाटणी ज्या काळात झाली त्या काळी आभाळ आणि माणूस यांच्यामध्ये फारसे काही नव्हते. आज शहरात राहणाऱ्याच्या डोक्यावर पाऊस पडतो तो आभाळातूनच. मात्र पडल्यावर तो कोणत्या वाटेने जाईल, कोणाच्या उंबऱ्याशी थांबेल आणि कोणाच्या घरात शिरेल, हे आभाळ ठरवीत नाही. ते गटाराचा आकार ठरवितो, रस्त्याची उंची ठरविते, नाल्यावरच्या मोरीची रुंदी ठरविते. आणि या साऱ्यांच्या मागे कोठेतरी एक आकडा असतो. बांधकाम सुरू होण्यापूर्वी कोणीतरी एका कागदावर तो लिहिलेला असतो : इतका पाऊस धरावा, इतका वारा धरावा, इतका भार धरावा. इंजिनिअर त्याला निकष म्हणतात. निकषाच्या आत जे येईल त्याला बांधकामाने तोंड द्यावयाचे. त्यापलीकडे जे जाईल त्याचा भार बांधकामावर नाही. मला असे वाटते की, आपल्या युगात अस्मानी आणि सुलतानी यांमधली रेघ म्हणजे हाच आकडा होय. जो तो ठरवितो तो, स्वतःला नकळत का होईना, हेही ठरवितो की उद्या कोणाच्या दुःखाला दैव म्हणावयाचे. म्हणून हा प्रश्न जितका गणिताचा आहे तितकाच नीतीचा आहे.

मुंबईचा आकडा अनेकांना ठाऊक झाला आहे. या शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांचा हिशेब ताशी २५ मिलिमीटर पावसाचा होता. त्या हिशेबात आणखी दोन गृहीते होती. एक असे की, पडणाऱ्या पाण्यापैकी निम्मेच गटारात येईल आणि उरलेले निम्मे जमीन पिऊन टाकील. दुसरे असे की, पाऊस पडेल तेव्हा समुद्राला ओहोटी असेल. हे आकडे मांडणारे मूर्ख होते असे कोणी समजू नये. शहराला माती होती, बागा होत्या, आणि उपनगरांत तर भाताची खाचरे, मिठागरे, खाजणे, ताडांची बने होती. अंधेरी-घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आली. बोरिवली-मुलुंड १९५७ साली. त्या वेळी तेथील जमीन खरोखरच पाणी पीत होती. आकडा त्याच्या काळाशी प्रामाणिक होता. पुढे काळ बदलला, आणि आकडा मात्र होता तेथेच बसून राहिला.

२६ जुलै २००५ रोजी काय झाले ते सांगावयास नकोच. तरी आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. दुपारच्या एका तासात तर तो १९० मिलिमीटरच्या आसपास होता. आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३-७४ मिलिमीटर, म्हणजे आषाढ-श्रावणात मुंबईकराने छत्री झटकून विसरून जावे इतकाच. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. काही बंद मोटारींत गुदमरली, काही वाहून गेली. साकीनाक्याला डोंगराची दरड झोपड्यांवर कोसळून सत्तरच्या आसपास माणसे गाडली गेली. दुसऱ्या दिवसापासून एक शब्द सर्वांच्या तोंडी झाला : अभूतपूर्व. तो खोटा नव्हता. ताशी १९० मिलिमीटर पाणी वाहून नेणारी गटारे जगातील फारच थोड्या शहरांनी बांधली असतील. त्या दिवसापुरते बोलावयाचे तर संकट अस्मानीच होते, असे मीही म्हणेन.

पण त्या एका दिवसाच्या आडोशाला इतर सारे दिवस लपू पाहतात, आणि नीतीचा प्रश्न तेथे सुरू होतो. अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जाण्यास ९४४ मिलिमीटर लागत नाहीत. साध्या पावसाळ्यातील साधी सर पुरते. ताशी २५ ही मर्यादा पाऊस दरसाल अनेकदा ओलांडतो. आणि ओलांडली नाही तरीही मूळ हिशेब मोडलेलाच आहे. कारण ज्या निम्म्या पाण्याला मातीने प्यावयाचे होते त्या मातीवर आता डांबर, फरशी आणि सिमेंट आहे. २५ चा आकडा कागदावर तसाच राहिला, पण त्याच्या पायाखालची जमीन गेली. हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते असेही नाही. १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल महानगरपालिकेपुढे आला. त्याने ताशी ५० मिलिमीटर धरावेत आणि जमीन पाणी पिईल ही आशा सोडून सगळेच पाणी गटारात येईल असे समजावे, असे सांगितले. त्यानंतर बारा वर्षांनी २६ जुलै उजाडला, आणि तोवर त्या अहवालातील बहुतेक गोष्टी अहवालातच होत्या. पूर ओसरल्यावर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि अहवाल पुन्हा हाती घेतला गेला. पाणी उपसणारी केंद्रे क्रमाक्रमाने उभी राहिली. तरी त्यातलीही मोगरा व माहूल येथील केंद्रे पुढे वर्षानुवर्षे रखडली.

येथे थोडे थांबून तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कारण आपण त्या तिन्हींना रागाच्या भरात एकच नाव देतो.

पहिली गोष्ट निखळ अज्ञानाची. कोयनेचे धरण बांधले गेले तेव्हा दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी भूगर्भशास्त्राची समजूत होती. तरी सावधगिरी म्हणून धरणाच्या हिशेबात गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या भागाइतका आडवा धक्का धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जमीन हादरली तेव्हा धरणातील यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशांहून अधिक वेग-वाढ नोंदविली. हे दोन आकडे अगदी सरळ एकमेकांशी ताडता येत नाहीत हे तज्ज्ञ सांगतील. पण अंतर केवढे होते ते सामान्य माणसालाही कळावे. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरणाच्या अंगाला चिरा गेल्या, पण धरण उभे राहिले. ते राहिले याचे एक कारण असे की, चांगला इंजिनिअर आपल्या आकड्यावर पुरता विश्वास ठेवीत नाही. तो हिशेबाहून थोडे अधिक बांधतो. या अधिकाला त्यांच्या शास्त्रात एक गुणक आहे. मला तो विनयाचा गुणक वाटतो. आपल्याला सगळे ठाऊक नाही, याची ती दगडात आणि सिमेंटात दिलेली कबुली असते. त्यानंतर धरण मजबूत केले गेले आणि देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात कोयनेचा प्रदेश वरच्या वर्गात गेला. अज्ञान होते, ते दूर झाले, आकडा बदलला. यात शोक आहे, दोष नाही.

दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला छेडानगरात वाऱ्याच्या झोतासरशी एक जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे मेली. नियमाने असा फलक ४० फूट लांब आणि ४० फूट रुंद असावयाचा. हा १२० बाय १२० होता. म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. येथे निकष ठाऊक होता आणि तो मोडला गेला. वारा आभाळातला होता म्हणून या मृत्यूंना अस्मानी म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. येथे नीतीचा प्रश्न सोपा आहे. कठीण असेल तो न्यायालयाचा.

तिसरी गोष्ट या दोहोंच्या मधली, आणि आपल्या शहराचे बहुतेक दुःख तिच्यातले आहे. आकडा पाळला जातो. पण तो शिळा झाला आहे हे पाळणाऱ्याला ठाऊक असते. येथे कोणी अज्ञानी नाही आणि कोणी गुन्हेगारही नाही. प्रत्येकाने आपल्या टेबलावरचा कागद बरोबर पुढे सरकवलेला असतो. चौकशी झाली तर बांधकाम निकषानुसार होते असेच निघते, आणि ते खरेही असते. अशा वेळी निकष हा कर्तव्याचा पाया न राहता कर्तव्यापासून सुटण्याची पळवाट बनतो. पाऊस २५ च्या वर गेला ना? मग आमचा संबंध संपला; पुढचे आभाळाला विचारा.

हे असे का होते याचा विचार करू लागले की एका जुन्या गोष्टीपाशी येऊन पोचावे लागते. कोकणातला माणूस घर बांधावयास काढतो तेव्हा जोते किती उंच घ्यावे हे तो गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो. मागच्या मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते? या फणसापर्यंत? मग त्याहून हातभर वर. हाही निकषच आहे. त्यात शास्त्र कमी असेल, पण एक गुण मोठा आहे : जो आकडा ठरवितो तोच त्या जोत्यावर निजतो. आकड्यात कसूर झाली तर पाणी त्याच्याच अंथरुणात येते. ‘करावे तसे भरावे’ ही म्हण अशा गावात खरी ठरते. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने हीच गोष्ट तलवारीच्या धाकाने साधू पाहिली. घर कोसळून धनी मेला तर बांधणाऱ्याला मारावे, असे त्याच्या संहितेत आहे. तो कायदा क्रूर होता आणि आपल्याला तो नको. पण करणारा आणि भोगणारा यांच्यामधली दोरी तुटू नये, हे त्याला कळले होते.

महानगरात ही दोरी तुटते, आणि ती कोणाच्या दुष्टपणाने तुटत नाही. आकडा ठरविणारा एका पिढीतला असतो, भोगणारा तिसऱ्या पिढीतला. एक टेकडीवर राहतो, दुसरा मिठी नदीच्या काठावर. कुलाब्याचे ७३ आणि सांताक्रूझचे ९४४ हे केवळ हवामानाचे आकडे नाहीत. एकाच शहरातली माणसे एकमेकांच्या अनुभवापासून किती दूर असू शकतात याचे ते माप आहे. ‘मान्य करण्याजोगा धोका’ असा एक शब्दप्रयोग या शास्त्रात आहे. तो ऐकल्यावर एकच प्रश्न विचारावयाचा : कोणी मान्य केलेला? माझा धोका मी मान्य केला तर ते धैर्य होय. तुमचा धोका मी तुम्हांला न विचारता मान्य केला, तर त्याला दुसरे नाव शोधावे लागेल.

यावर इंजिनिअरचे एक उत्तर आहे आणि ते आदराने ऐकले पाहिजे. तो म्हणेल, ‘तुम्ही म्हणता तसा प्रत्येक पावसाला पुरेल असा आकडा नसतोच. २५ चे ५० केले तर ६० मिलिमीटर पडतील. १०० केले तर १९० पडतील. कोठेतरी रेघ ओढावीच लागते. आणि गटारावर घातलेला प्रत्येक रुपया हा शाळेतून, इस्पितळातून, पिण्याच्या पाण्यातून काढलेला असतो. गरीब शहराने सोन्याची गटारे बांधावीत काय?’ हे म्हणणे बिनतोड आहे. शून्य धोक्याची मागणी करणारा माणूस नीतिमान नसतो. त्याला फक्त हिशेब करावयाचा नसतो. लहान आकडा म्हणजे पाप नव्हे. लहान आकडा मुका असणे हे पाप आहे.

मुका म्हणजे काय ते सांगतो. उपनगरातल्या कोणत्याही चार-सहा मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये एक पत्रा ठोकलेला असतो : ६ माणसे, ४०८ किलो. हा निकष आहे, आणि तो लहान आहे. पण सातवा माणूस दाराशी येतो तेव्हा तो पत्रा वाचतो, आणि थांबतो किंवा घुसतो. निर्णय त्याचा असतो, कारण आकडा त्याच्यासमोर असतो. आता त्याच इमारतीच्या दारातले गटार पाहा. त्याच्यावर पत्रा नाही. तळमजल्यावर गाळा घेणाऱ्याला, तळघरात दुकान मांडणाऱ्याला, नाल्याच्या काठी खोली भाड्याने घेणाऱ्याला हे कोणीच सांगत नाही की येथली सोय इतक्या पावसापुरतीच आहे, पुढचे तुझे तू पाहा. शहराने त्याच्याशी एक करार केलेला आहे, आणि त्या कराराची मर्यादा फक्त शहराला ठाऊक आहे.

जेथे आकडा सांगितला जातो तेथेही तो कधीकधी लोकांची दिशाभूल करतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, तो माझ्या नातवाच्या काळात येईल. शास्त्राचा अर्थ इतकाच असतो की, दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा ती कमी होत नाही. जी इमारत सत्तर वर्षे उभी राहावयाची तिच्या आयुष्यात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता गणिताने जवळजवळ निम्मी निघते. हे वाक्य घर घेणाऱ्याला सांगून पाहा. त्याच्या मनात ‘शंभर वर्षे’ या शब्दांनी जी झोप आणली होती ती ताबडतोब उडेल.

आणि जेथे आकडा पुरता ठाऊक असतो तेथेही तो कोणासाठी वापरला जातो हे पाहण्यासारखे आहे. आपल्या लोकलगाड्यांच्या गर्दीला रेल्वेच्या परिभाषेत एक नाव आहे : ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून सकाळी निघणाऱ्यांना हे नाव ठाऊक नसले तरी त्याचा अर्थ बरगड्यांना ठाऊक आहे. हा भार मोजला गेला आहे. डब्याच्या स्प्रिंगांचा, ब्रेकांचा हिशेब मांडताना तो विसरून चालत नाही. लोखंडाच्या बाबतीत आपण इतके सत्यवादी आहोत. माणसाच्या बाबतीत मात्र बाकांवर बसणाऱ्यांची संख्या रंगवून ठेवतो आणि उरलेल्यांना ‘गर्दी’ म्हणतो. स्प्रिंग तुटेल म्हणून खरा आकडा धरावयाचा. आणि माणूस तुटत नाही, निदान रोज तुटत नाही, म्हणून त्याचा आकडा कागदावर राहू द्यावयाचा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली, तेव्हा या दोन हिशेबांतले अंतर काही काळ सर्वांना दिसले होते.

याहून वेगळे करता येते काय? समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या हॉलंडमध्ये १९५३ सालच्या हिवाळ्यात, एका रात्रीच्या वादळात बांध फुटून १,८३६ माणसे मेली. त्यानंतर त्या देशाने आकडा उघड्यावर आणला. दाट वस्तीच्या किनाऱ्याला दहा हजार वर्षांतून एकदा येईल अशा पाण्याला पुरतील असे बांध असावेत असे ठरविले, आणि पुढे असे निकष कायद्यात लिहिले. २०१७ पासून तर त्यांनी मोजण्याची रीतच बदलली. पाणी किती उंच येईल, एवढेच न विचारता, बांधामागे राहणाऱ्या कोणाही एका माणसाला पुराने मरण येण्याची वार्षिक शक्यता लाखात एकाहून अधिक नसावी, असा किमान हक्क त्यांनी ठरविला. हॉलंड श्रीमंत आहे, त्याचा आकडा आपल्याला परवडणार नाही. पण त्याची रीत परवडेल. आकडा लाखात एक नसून हजारात एक असो. तो प्रत्येक माणसाला सारखा असावा, आणि त्याला ठाऊक असावा, यासाठी श्रीमंती लागत नाही.

आणि जो आकडा आपण मान्य करू त्याच्या पलीकडच्या पाण्याचेही काही कर्तव्य उरते. गटार २५ चे असेल तर सव्विसाव्या मिलिमीटरला कोठेतरी जागा द्यावी लागेल. पूर्वी ती जागा होती : खाजण, तिवरांचे रान, मिठागर, नदीचा मोकळा काठ, वाडीतली विहीर. या जागा इंजिनिअरने बांधल्या नव्हत्या. पण त्याच्या लहान आकड्याला त्याच सांभाळून घेत होत्या. मिठी नदी विहारच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जाते. वाटेत तिला विमानतळाच्या धावपट्टीखालून जावे लागते, कारखान्यांच्या आणि झोपड्यांच्या कुशीतून अंग चोरावे लागते, आणि शेवटी जेथे ती पसरत असे त्या खाजणावर वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. आपण आकडा वाढविला नाही, आणि आकड्याला सांभाळणारी जमीनही विकून टाकली. या दोहोंपैकी एक करणे कदाचित क्षम्य असेल.

काही लोक म्हणतील, हे आकडे असे चव्हाट्यावर मांडले तर लोक घाबरतील, जागांचे भाव पडतील, जो तो महानगरपालिकेवर फिर्याद लावील. यातले सगळे खरे होईल. परंतु भाव पडतात ते आकडा सांगितल्यामुळे नव्हे, आकडा तसा आहे म्हणून. आणि आजपर्यंत ते पडले नाहीत याचा अर्थ एवढाच की कोणीतरी न कळत जास्त पैसे मोजले आहेत. भीतीचे म्हणाल तर पावसाळ्यात नाल्याकाठी राहणारी आई रात्री जागीच असते. तिला भय नवीन नाही. नवीन असेल ते भयाचे माप. कोणत्या इशाऱ्याला मुले उचलून वरच्या मजल्यावर जावयाचे, हे तिला त्या मापावरून कळेल.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक नाल्याच्या पुलावर, प्रत्येक भुयारी मार्गाच्या तोंडाशी, लिफ्टमध्ये असतो तसा एक पत्रा असावा. त्यावर लिहावे : ही सोय ताशी इतक्या मिलिमीटर पावसाची आहे, भरती नसताना; आणि हा हिशेब अमुक साली मांडला होता. त्या पत्र्याने पाणी एक इंचही उतरणार नाही. पण पुढच्या पावसात गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस तो वाचील, पडलेल्या पावसाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहील, आणि आभाळाकडे पाहावयाचे की कचेरीकडे, हे त्याचे तो ठरवील.